राउटर रात्रीत आपोआप अपडेट झाला, कॅमेरे बंद. मदत हवी आहे, आजच

शेडवाला_तासगाव (सकाळी ९:१२)
परवा रात्री कंपनीनं राउटर अपडेट केला. विचारलं नाही, साधा मेसेजही नाही. तेव्हापासून चारही कॅमेरे मोबाईलवर 'ऑफलाइन'. वायफायचं आपण ठेवलेलं नाव गेलं आणि स्टिकरवरचं आलं. राउटरच्या आत जायचा पासवर्ड चालत नाही. कस्टमर केअरला तीन वेळा फोन झाला, तिन्ही वेळा 'सर, तुमची लाईन ओके दाखवतेय' एवढंच उत्तर. आज रात्रीच्या आत कॅमेरे चालू व्हायला पाहिजेत. माहीत असेल त्यानं लगेच सांगा.

मिरज_जंक्शन (९:२०)
राउटरची पिन काढून दहा मिनिटं ठेवा आणि परत लावा. आमच्याकडं दर वेळी एवढ्यावरच भागतं.

फायबर_फिटर (९:३१)
राउटर कंपनीचा की विकत घेतलेला? एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल लाईट लागलाय का? पॉनचा (फायबर जोडणीचा) लाईट स्थिर आहे की लुकलुकतोय? कॅमेरे वायफायवरचे की डीव्हीआरवरचे (रेकॉर्डिंगच्या डब्याला जोडलेले)? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

शेडवाला_तासगाव (९:३८)
राउटर कंपनीचाच. कॅमेरे डीव्हीआरवर. नेट चालू आहे. लाईट मला इथून कशी दिसणार?

फायबर_फिटर (९:४०)
इथून म्हणजे कुठून?

शेडवाला_तासगाव (९:५१)
मी सांगलीत, विश्रामबागला. राउटर, डीव्हीआर सगळं बेदाणा शेडवर, तासगावच्या पुढं. द्राक्षं डिपिंग करून (द्रावणात बुडवून) रॅकवर टाकली त्याला आज आठवा दिवस. अख्ख्या वर्षाचा माल जाळीवर उघडा पडलाय. वडिलांना इथं दवाखान्यात ठेवलंय, त्यामुळं मला हलता येत नाही. शेडवर चुलतभाऊ एकटा आहे, दोन रात्री त्यानं डोळ्याला डोळा लावलेला नाही. म्हणून घाई करतोय.

हळदपेठ (९:५८)
वडिलांची काळजी घ्या. माल किती वाळलाय? काल संध्याकाळी ढग होते. प्लास्टिकचे कागद अंथरून तयार ठेवा, या टप्प्यावर पाणी लागलं तर मणी काळा पडतो. आमचा एक रॅक असाच गेला.

शेडवाला_तासगाव (१०:०२)
कागद आहेत दादा. आत्ता कॅमेऱ्याचं सांगा.

कृष्णाकाठ (१०:१०)
पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून डीव्हीआरकडं वळवायची सेटिंग) उडालं असणार. राउटरमध्ये जाऊन डीव्हीआरचा पोर्ट परत उघडा. आणि टीआर-०६९ नावाचा पर्याय दिसेल, तो कायमचा बंद करून टाका. कंपनीला तुमच्या राउटरमध्ये शिरायची वाटच राहणार नाही. मी हेच करतो.

फायबर_फिटर (१०:१९)
पोर्ट फॉरवर्डिंगचा विषयच येत नाही. आपल्या भागात बहुतेक कनेक्शन सीजीनॅटवर आहेत, म्हणजे एका पब्लिक आयपीमागं (इंटरनेटवरच्या पत्त्यामागं) शेकडो गिऱ्हाईकं. तिथं पोर्ट उघडून बाहेरून कोणी आत येत नाही. आणि ज्याच्याकडं लॉगिनच नाही तो टीआर-०६९ बंद कुठून करणार?

कृष्णाकाठ (१०:२४)
लॉगिन मागून घ्यायचं. राउटर आपल्या भिंतीवर, वीज आपली, पैसे आपण भरायचे आणि किल्ली त्यांच्याकडं? हे मला मान्य नाही. २०१६ मध्ये जर्मनीत याच वाटेवरून हल्ला झाला, एका कंपनीचे सुमारे नऊ लाख राउटर कोलमडले. मुद्दाम शोधून वाचा.

निवृत्त_दूरसंचार (१०:४७)
सविस्तर लिहितो, कारण इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय.

टीआर-०६९ ही २००४ ची पद्धत. राउटर स्वतःहून ठरावीक वेळानं कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो: मी अमुक मॉडेल, माझ्यात अमुक फर्मवेअर (आतला प्रोग्राम). सर्व्हर म्हणतो, नवीन आलंय, या पत्त्यावरून उतरवून घे. राउटर ते उतरवतो आणि रीस्टार्ट होतो. सहसा मध्यरात्रीनंतर, लोक झोपल्यावर. फायबरच्या डबीला, म्हणजे कंपनीच्या अशा राउटरला, तर आणखी एक वाट असते, ओएमसीआय. त्यात एक्स्चेंजकडचं यंत्र थेट काचेच्या तारेतूनच डबीला हुकूम देतं, त्यामुळं टीआर-०६९ बंद करून सगळं थांबतंच असं नाही.

जर्मनीचं खरं आहे, पण अर्धंच सांगितलंत. तिथं ७५४७ नंबरचा पोर्ट साऱ्या जगाला उघडा होता, तो फक्त कंपनीच्या सर्व्हरपुरता हवा होता. आणि दुरुस्ती कशी झाली? कंपनीनं नवीन फर्मवेअर काढलं, गिऱ्हाईकांना राउटरची पिन काढून परत लावायला सांगितली आणि राउटरनं ते दूरवरूनच ओढून घेतलं. दूरवरून अपडेटची सोयच नसती तर नऊ लाख घरांत माणूस कधी पोचला असता? अपडेट नको असं म्हणू नका. आधी कळवा, आणि गिऱ्हाईकानं केलेली सेटिंग जपा, हे मागा.

आता शेडचं. वायफायचं नाव स्टिकरवरचं झालं, पण नेट चालू. यावरूनच उलगडा होतो. अपडेटमध्ये राउटर पार कोरा झाला. नेटचं युजरनेम-पासवर्ड सर्व्हरकडं नोंदलेलं होतं, ते त्यानं परत भरलं, म्हणून कस्टमर केअरला लाईन ओके दिसते. तुमची खाजगी सेटिंग त्यांच्या नोंदीत नव्हती, ती गेली. भावाला दोन आकडे वाचायला सांगा. मोबाईलवर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' (राउटरचा पत्ता) पुढं काय आहे, आणि डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत आयपी काय आहे.

मिरज_जंक्शन (१०:५५)
एवढं करण्यापेक्षा फाईव्ह-जी सिमचा राउटर घ्या. वायर नाही, लाईनमनची वाट बघणं नाही. माझ्या साडूनं घेतलाय.

फायबर_फिटर (११:०१)
त्या पट्ट्यात शेडवर रेंज येते का ते आधी बघावं लागेल. तुमचा साडू कुठं राहतो?

मिरज_जंक्शन (११:०३)
पुण्यात.

शेडवाला_तासगाव (११:३४)
भावानं स्टिकरवरचा पासवर्ड टाकून वायफाय जोडलं. गेटवे १९२.१६८.१००.१. डीव्हीआरवर आयपी १९२.१६८.१.१०८, त्याच्या खाली गेटवे १९२.१६८.१.१. फोटो काढून पाठवलाय त्यानं.

फायबर_फिटर (११:३७)
सापडलं. जोडणाऱ्यानं त्या वेळी राउटर १.१ वर ठेवला होता आणि डीव्हीआरला तोच पत्ता हातानं पक्का करून दिला होता. राउटर कोरा झाल्यावर मूळच्या १००.१ वर गेला. डीव्हीआर अजून जुन्या घराच्या दारावर टकटक करतोय, तिथं कोणीच नाही. डीव्हीआरचा माऊस घ्या, मेन मेनू, नेटवर्क, टीसीपी/आयपी. 'स्टॅटिक' (हातानं दिलेला पक्का पत्ता) काढून 'डीएचसीपी' (राउटर स्वतः पत्ता देतो) करा, सेव्ह. दोन मिनिटं थांबा. राउटरच्या लॉगिनची गरजच नाही.

कृष्णाकाठ (११:४०)
डीएचसीपी नको, उद्या आयपी बदलला की परत तेच दुखणं. स्टॅटिकच ठेवा, फक्त १००.१०८ असा नवा द्या आणि गेटवे १००.१ करा.

फायबर_फिटर (११:४४)
ते अ‍ॅपवर क्यूआर स्कॅन करून बघत असतील तर डीव्हीआर स्वतःच बाहेरच्या सर्व्हरला जाऊन भेटतो. आतला आयपी रोज बदलला तरी फरक पडत नाही. उलट पुढच्या अपडेटला राउटर परत १.१ वर आला की तुमचा स्टॅटिक परत अडकेल. क्यूआरच होता ना?

शेडवाला_तासगाव (११:४६)
हो, क्यूआरच होता.

शेडवाला_तासगाव (१२:२०)
आले! आधी तीन आले, चौथा काळा होता, त्याची पिन ढिली निघाली. आत्ता मोबाईलवर रॅक दिसतायत, कडेला भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या झोपलाय. फिटरभाऊ, दूरसंचार काका, तुमचे मनापासून आभार. तिकडं गाडी पाठवायला निघालो होतो.

कंपनीवरचा राग मात्र गेलेला नाही. रात्री दोन ते चार अपडेट होणार, एवढा एक मेसेज टाकला असता तर भाऊ दोन रात्री बॅटरी घेऊन फिरला नसता. 'लाईन ओके' म्हणणाऱ्या तिघांपैकी एकानंही विचारलं नाही की तुमचं नेमकं काय बंद आहे.

निवृत्त_दूरसंचार (१२:३५)
हेच शब्द तक्रारीत लिहा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. फोनवर तोंडी सांगून सोडू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडं अपील करता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांत ती सोय आहे. राउटरच्या लॉगिनची लेखी मागणीही त्यातच घाला. आणि त्या वायफायचा पासवर्ड आजच बदलून घ्या, स्टिकरवरचा येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येतो.

कृष्णाकाठ (१२:४१)
माझं अजूनही मत आहे की कंपनीच्या डबीमागं स्वतःचा राउटर लावा आणि डीव्हीआर त्याला जोडा. डबी कोरी होऊ दे नाहीतर बदलू दे, आतलं जाळं आपलं राहतं.

फायबर_फिटर (१२:४४)
याच्याशी मी सहमत. हंगाम संपल्यावर करा, आत्ता काही हलवू नका.

हळदपेठ (१२:५०)
ढग आहेत अजून. कागद जवळ ठेवा.

गोडोली_सातारा (संध्याकाळी ६:१५)
माझ्याकडंही परवा रात्रीपासून असंच झालंय, पण माझा प्रिंटर आहे. मोबाईल चालतो, प्रिंटर वायफाय पकडत नाही. काय करू?

फायबर_फिटर (६:२२)
आधी वायफायची २.४ आणि पाच गिगाहर्ट्झची वेगळी दोन नावं दिसायची का? आता एकच दिसतंय का? प्रिंटर किती जुना?