मदत हवी आहे : विभाजक शोधताना एखादी जोडी सुटते. सगळे मिळाले हे ओळखायचं कसं?

शाईपेन :

मुलगी सहावीत आहे. विभाजकांचा धडा सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी वही घेऊन बसतो आणि रोज एकाच जागी अडतो. भागाकार तिला चांगला येतो, पाढे वीसपर्यंत पाठ आहेत. अडतं ते खात्रीपाशी. सगळे विभाजक मिळाले, आता थांबलं तरी चालेल, हे कशावरून ठरवायचं ते मला तिला सांगता येत नाही.

कालचीच दोन गणितं सांगते. पहिलं होतं ३६० चे सगळे विभाजक लिहा. तिची स्वतःची एक रीत आहे. १ × ३६० पासून निघायचं, मग डावीकडे दुप्पट आणि उजवीकडे निम्मं करत जायचं : २ × १८०, ४ × ९०, ८ × ४५. ४५ चं निम्मं होत नाही, तिथे साखळी संपली. मग ३ × १२०, ६ × ६०, १२ × ३०. मग ५ × ७२, १० × ३६. मग ९ × ४०, १८ × २०. डावी संख्या उजवीपेक्षा मोठी व्हायला लागली की ती साखळी सोडायची. अशा अकरा जोड्या झाल्या, म्हणजे बावीस विभाजक. उत्तरात मात्र चोवीस होते. राहिलेली जोडी शोधायला मला एकेक संख्या घेऊन भागत बसावं लागलं, तेव्हा १५ × २४ सापडली.

दुसरं, ३९१ ही मूळ संख्या आहे का? तिने २, ३, ५, ७, ११, १३ ने भागून पाहिलं, एकानेही भाग गेला नाही, म्हणून ‘मूळ’ लिहिलं. मीही बरोबर म्हणाले. उत्तर निघालं १७ × २३. ती रडकुंडीला आली, म्हणाली, “मग आई, भागत राहायचं तरी कुठपर्यंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मला लागून राहिलंय.

शिवाय वर्गात सांगितलंय की फक्त मूळ संख्यांनी भागून बघा. मग १५ कधी सापडणारच कसा? कॅल्क्युलेटर नको आहे. तिला पटेल असं कारण हवं आहे.

अंकवेल :

आधी तिचं कौतुक करा. दुप्पट-निम्मीची रीत अगदी पक्की आहे, ती सोडायला लावू नका. फक्त नवी साखळी प्रत्येक विषम विभाजकापासून सुरू झाली पाहिजे. ३६० चे विषम विभाजक १, ३, ५, ९, १५ आणि ४५. ती पहिल्या चारांपासून निघाली, ४५ हा ८ च्या जोडीला आलाच होता, आणि १५ राहून गेला. इतकीच चूक आहे.

खरा गुंता तुमच्या शेवटच्या प्रश्नात आहे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना एकच नियम लावला गेलाय. संख्या मूळ आहे का एवढंच पाहायचं असेल, तर मूळ संख्यांनी भागणं पुरतं. १५ ने भाग जाणार असेल तर ३ ने आधीच गेला असता, मग १५ ने वेगळं कशाला भागायचं? पण सगळे विभाजक लिहायचे असतील तर १५ हा स्वतःच उत्तराचा भाग आहे, त्याला गाळून कसं चालेल? ‘अवयव’ हा शब्दही इथे घोळ घालतो. कोणी ‘अवयव पाडा’ म्हणतं तेव्हा २ × २ × २ × ३ × ३ × ५ हवं असतं, कोणाला चोवीसच्या चोवीस हवे असतात. प्रश्नात नेमकं काय मागितलंय ते तिला आधी वाचायला लावा.

आता कुठे थांबायचं. ३९१ घ्या. २० × २० = ४००, म्हणजे ३९१ च्या थोडं पुढे. समजा ३९१ ही दोन संख्यांचा गुणाकार आहे. त्या दोन्ही २० किंवा त्याहून मोठ्या असतील का? नाही, गुणाकार किमान ४०० झाला असता. म्हणजे जोडीतली एक तरी १९ किंवा त्याहून लहान असणारच. म्हणून १९ पर्यंत बघायचं, त्यापुढे नाही. तुमची मुलगी १३ ला थांबली, १७ आणि १९ राहिले. दोनच भागाकार कमी पडले.

हेच ३६० ला लावा. १८ × १८ = ३२४, १९ × १९ = ३६१. म्हणजे १ ते १८ पर्यंत प्रत्येक संख्येने भागून पाहिलं की संपलं. जी निःशेष जाते तिची जोडीदार आपोआप उजवीकडे येते.

आता मोजणीची खात्री. मूळ अवयव पाडले : २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा. ३६० चा कुठलाही विभाजक यांच्यातूनच बनतो. त्यात २ एकदाही नसेल, किंवा एकदा, दोनदा, तीनदा असेल : चार पर्याय. ३ चे तसेच तीन, ५ चे दोन. ४ × ३ × २ = २४. म्हणजे यादी करण्याआधीच कळलं की चोवीस यायला हवेत. बावीस आले की एक जोडी कुठेतरी सुटली आहे, हे तिचं तिलाच दिसेल, उत्तरं उघडावी लागणार नाहीत.

यादीसुद्धा यातूनच निघते. पहिली ओळ नुसती २ ची : १, २, ४, ८. तिला ३ ने गुणा : ३, ६, १२, २४. पुन्हा ३ ने : ९, १८, ३६, ७२. आता या तिन्ही ओळींना ५ ने :

५, १०, २०, ४०
१५, ३०, ६०, १२०
४५, ९०, १८०, ३६०

१५ आणि २४ आपापल्या जागी येऊन बसले. चौकोनी वहीत एका घरात एक संख्या लिहायला द्या, रिकामं घर लगेच डोळ्यांत भरतं.

कोरापान :

अंकवेल यांनी सगळं नीट सांगितलंय. ३९१ बद्दल एक भर घालतो, कारण या संख्येत एक गंमत आहे.

४०० − ३९१ = ९. म्हणजे ३९१ = २० × २० − ३ × ३. दोन वर्गांची वजाबाकी (२० − ३) × (२० + ३) अशी सुटते. १७ × २३! एकही भागाकार न करता.

रीत अशी : संख्येच्या लगेच पुढचा पूर्णवर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, उरलं ते पूर्णवर्ग आहे का पाहा. नसेल तर त्याच्या पुढचा वर्ग. दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत फार पटकन चालते. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी १६४३ मध्ये २०२७६५१२८१ ही संख्या अशीच फोडून दाखवली होती. सुरुवात ४५०३० च्या वर्गापासून होते आणि बाराव्या पायरीला, ४५०४१ ला, उरतो १०२० चा वर्ग. उत्तर ४४०२१ × ४६०६१. मूळ संख्यांनी भागत गेलो असतो तर हजारो भागाकार झाले असते. त्याच्याही आधी, १३५६ मध्ये लिहिलेल्या नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त विभाजक शोधण्यावर ‘भागादान’ नावाचं अख्खं प्रकरण आहे, आणि त्यात वर्गांच्या वजाबाकीची ही वाटही आहे. तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारला तो फार जुना आणि मोलाचा प्रश्न आहे, हे तिला जरूर सांगा.

अवयव एकमेकांपासून लांब असतील तर मात्र या रीतीने दमायला होतं. तेव्हा साधा भागाकारच बरा.

तिठा :

७ आणि १७ साठी कसोट्या आहेत. ७ साठी शेवटचा अंक काढून त्याची दुप्पट उरलेल्यातून वजा करायची : ३९ − २ = ३७, ७ ने जात नाही. १७ साठी शेवटच्या अंकाची पाचपट : ३९ − ५ = ३४, १७ ने जातो, म्हणून ३९१ लाही जातो.

अंकवेल :

कसोट्या बरोबर आहेत, पण सहावीत मी २, ३, ५, ९, १० आणि ११ एवढ्याच पाठ करून घेईन. बाकीच्यांसाठी सरळ भागाकार. कसोटी आठवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात भागून होतं, आणि चुकीची कसोटी आठवली तर मूल उगाच हरतं.

शाईपेन :

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिच्याकडून दोन्ही गोष्टी करून घेतल्या.

आधी ३६० चा चौकोन. १५ तिने स्वतः लिहिला आणि बोट ठेवून दाखवला. मग मी ४४१ दिलं. मूळ अवयव ३ × ३ × ७ × ७, म्हणून ३ × ३ = ९ विभाजक यायला हवेत. जोड्या लिहिल्या : १ × ४४१, ३ × १४७, ७ × ६३, ९ × ४९, २१ × २१. पाच जोड्या, म्हणजे दहा. “आई, या वेळी एक जास्त आला!” पुन्हा मोजलं, पुन्हा दहा. मी गप्प बसले. दोनेक मिनिटांनी तिने शेवटच्या जोडीतला एक २१ खोडला, म्हणाली, हा तोच आहे, त्याला दोनदा का मोजायचं?

कोरापान, वर्गांची रीत तिला इतकी आवडली की ती आता वहीत भेटेल ती संख्या फोडायला बघते. पण ३९७ फुटेना. मग १९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायला बसली. ७ ने बाकी ५, ११ ने १, १३ ने ७, १७ ने ६, १९ ने १७. मी विचारलं, आता २३ ने बघायचं का? “नको, २० वीसदा घेतले तरी ४०० होतात,” म्हणाली, आणि ‘मूळ’ लिहून वही मिटली.