गाईज अँड डॉल्स (१९५५): एवढी तगडी नटमंडळी, तरी रंगत नाही ती नाहीच

बोरूबहाद्दर:
मार्लन ब्रँडो, फ्रँक सिनात्रा, जीन सिमन्स, दिग्दर्शक जोसेफ मँकिविझ, आणि मूळ संगीत नाटकाचे ब्रॉडवेवर १९५० पासून १२०० प्रयोग झालेले. हे सगळं हाताशी असून अडीच तास जांभया. गोष्ट अशी की नेथन डेट्रॉइट हा न्यूयॉर्कचा जुगारअड्डेवाला स्काय मास्टर्सन या जुगाऱ्याशी पैज लावतो, धर्मप्रचार करणाऱ्या मिशनवाल्या सारा बाईला हवानाला जेवायला नेऊन दाखव. माझं म्हणणं एकच, रोल उलटे वाटलेत राव. स्काय हा गाणारा हिरो, तो ब्रँडोला, आणि नेथनला नाटकात गाणी जेमतेम, तो सिनात्राला! जेमतेम का, तर रंगभूमीवर तो रोल करणारा सॅम लेव्हीन गाण्यात कच्चा होता. त्याच्या मापाचा सदरा त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गायकाला चढवला आणि मग संगीतकार फ्रँक लेसरला सिनात्रासाठी 'अ‍ॅडलेड' हे नवीन गाणं लिहावं लागलं. सिनात्राला स्कायच हवा होता. स्कायचं 'लक बी अ लेडी' हे गाणं त्याने नंतर स्वतः रेकॉर्ड केलं, ते ऐका नि मग सिनेमातलं ऐका.

खवट_काका:
नाही पटलं. स्काय गायक नाहीये, जुगारी आहे. गटारातला तो सीन आठवा, हरला तर प्रत्येकाला हजार डॉलर, जिंकला तर सगळ्यांनी मिशनमधे प्रार्थनेला यायचं, आणि फासे टाकायच्या आधी हे गाणं. तिथे ब्रँडोच्या डोळ्यात जी भीती नि मस्ती एकत्र दिसते ती गुळगुळीत आवाजात आली असती का? सिनात्राने ते मैफिलीसारखं गायलं असतं नि आपण टाळ्या वाजवून मोकळे.

मुक्ता:
अहो काका पण सूर तरी नको का? ब्रँडोचं गाणं वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडून केलंय, आणि ते कळतं. आपल्याला तर लहानपणापासून प्लेबॅकची सवय, त्यात काय कमीपणा. पुढच्याच वर्षी 'द किंग अँड आय' मधे डेबोरा करसाठी मार्नी निक्सन गायली, कोणाचं काय अडलं?

शेंगदाणा:
तुम्ही सगळे ब्रँडोच्या मागे का लागलाय, खरा गुन्हेगार मँकिविझ. हा संवादांचा माणूस, त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे पात्रं बोलतच बसतात. मूळ कथा लिहिणाऱ्या डेमन रनियनचे गुंड असे अदबीने, पुस्तकी बोलतात त्यात मजा आहे मान्य, पण किती वेळ? वर नाटकातलं 'आय हॅव नेव्हर बीन इन लव्ह बिफोर' काढलं, म्हणजे प्रेमात पडल्याचं गाणंच गायब!! सुरुवातीचा नृत्यदिग्दर्शक मायकेल किडचा रस्त्यावरचा नाच बघा, पाकीटमार, टुरिस्ट, पोलीस सगळे तालात, एक शब्द नाही. तेवढा सिनेमा असता तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

खवट_काका:
आणि हवानामधली सिमन्स? दुधाचं काहीतरी समजून बकार्डी रम ढोसते आणि मग 'इफ आय वेअर अ बेल', तेही स्वतःच्या आवाजात. ती काही ट्रेन्ड गायिका नव्हती, तिला कोणी नावं ठेवत नाही, तिला गोल्डन ग्लोब मिळालं. सिनेमालाही मिळालं आणि धंदाही दणकून झाला.

बोरूबहाद्दर:
धंदा पोस्टरवरच्या नावांनी झाला काका. सिमन्सला फुल मार्क, कारण ती दारू चढलेली बाई आहे आणि तिचा आवाज डळमळला तरी शोभतो. स्कायचा हात नि आवाज थरथरून कसं चालेल, तो फासे टाकणारा आहे.

मुक्ता:
शेवटी मिशनमधलं 'सिट डाउन यू आर रॉकिन द बोट' तेवढं उचलून धरतं. स्टबी के नाटकातही तेच गात होता, नेथनची प्रेयसी अ‍ॅडलेड झालेली व्हिव्हियन ब्लेनसुद्धा नाटकातूनच आलेली. या दोघांच्या गाण्यांना कोणी जांभया दिल्या का ते सांगा आधी.