मागच्या बाकावर एकटं बसवून पोरगं सुधरतं का?

ऊसपट्ट्यातला मास्तर
कालची एक पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. एक सर लिहितात, धिंगाणा घालणाऱ्याला तीनदा ताकीद द्या, मग मागच्या बाकावर एकटा बसवा, तरी ऐकलं नाही तर बापाला बोलावून दाखला हातात द्या. खाली अंगठ्यांची रांग. अहो, आठवी होईपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही, हे २००९ च्या कायद्यात आहे. पण कायदा राहू द्या बाजूला.

माझ्याकडं सहावीत एक पोरगं होतं. शेजारच्याला चिमटे काढायचं, वह्या फाडायचं, 'सर, लघवीला' करत दहादा उठायचं. मी वैतागून बाहेर हाकलायचो. मग एकदा हजेरीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ ओळीनं प्रकट वाचन चालू असतानाच्या, तेही त्याची पाळी यायला दोनच पोरं उरली की. तिसऱ्या रकान्यात नऊच्या नऊ वेळा एकच: 'वर्गाबाहेर'. म्हणजे मी शिक्षा म्हणून जे द्यायलो होतो, तेच त्याला पाहिजे होतं.

त्याला काना-मात्रा यायची, जोडाक्षर आलं की गाडी अडायची. ओळीनं वाचन बंद केलं. उद्याच्या चार ओळी आदल्या दिवशी द्यायला लागलो, परिपाठाआधी वीस मिनिटं शेजारी बसलो. खोड्या अजून काढतंय, पण वाचनाच्या तासाला नाही.

सत्तावीस वर्षं खडू
वाचायला गोड आहे, सर. माझ्याकडं तिसरी-चौथी एकत्र, एकेचाळीस लेकरं. सकाळी खिचडीचे तांदूळ मोजा, ऑनलाइन माहिती भरा, वरून बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम. कायद्यात अशैक्षणिक काम नको म्हणून लिहिलंय, पण निवडणूक, जनगणना, आपत्ती सोडून! मग उरलं काय? वीस मिनिटं एका पोराला दिली तर चाळीसजण काय भिंती बघणार? त्यांच्या आयाबापांनी काय पाप केलंय? आमच्या गुरुजींनी निरगुडीच्या फोकेनं पोटऱ्यांची सालटं काढली, म्हणून आम्ही चार अक्षरं शिकलो. आज नुसता डोळा वटारला तरी मानसिक छळ.

ऊसपट्ट्यातला मास्तर
फोक खाऊन शिकले ते इथं लिहायलेत, सर. फोक खाऊन पळाले ते कुठं लिहितील? माझ्याबरोबर शिकणारे दोन तर आज ऊसतोडीच्या मुकादमाच्या उचलीत, आगाऊ घेतलेल्या पैशात, अडकलेत.

दोन लेकरांचा बाप
वीस मिनिटं कुठून आणू म्हणे! साडेनवाची शाळा, गुरुजींची गाडी येते दहाला. चार वाजले की हेल्मेट डोक्यावर. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहा की! घरभाडं तर बरोब्बर उचलता.

सत्तावीस वर्षं खडू
दादा, विषय काय, बोलता काय? तुमच्या गावात संडास असलेली एक खोली भाड्यानं दाखवा, उद्या सामान आणतो.

दोन लेकरांचा बाप
आम्ही नाही राहत का? आमच्या बायका कुठं जातात? बरं, तुमची लेकरं कुठल्या शाळेत हायत ते सांगा की एकदा.

सत्तावीस वर्षं खडू
लातूरला. माझ्या पैशानं शिकवतो. तुम्ही तुमचं पोरगं डॉक्टर करायला लातूरलाच धाडणार ना शेवटी?

दोन लेकरांचा बाप
म्हणजे जिथं शिकवता तिथल्या शिकवण्यावर तुमचाच भरोसा नाही. हेच लिहून घ्यायचं होतं तुमच्याकडून.

गोदाकाठची बाई
मुख्यालयाचा राग काढणाऱ्यांनी एक सांगावं. पहिल्या नेमणुकीला मी गावातच राहिले होते. रात्री अकराला कडी वाजायची, 'मॅडम, दाखल्यावर सही पाहिजे.' चार महिन्यांनी सोडलं गाव. तेव्हापासून एसटीनं ये-जा करते, आणि हो, कधीकधी उशीर होतो. काढा नोटीस.

दोन लेकरांचा बाप
बाई, तुमचं वेगळं आहे. बापय गुरुजींना काय झालंय?

ऊसपट्ट्यातला मास्तर
मंडळी, मी पोरांविषयी लिहिलं होतं. आता चाळीसांचं बोलतो. आम्ही पहिला तास तिसरी ते पाचवी एकत्र घेतो, इयत्ता बघत नाही. अक्षर ओळखणारे एकीकडं, शब्द वाचणारे दुसरीकडं, परिच्छेद नि गोष्ट वाचणारे तिसरीकडं. 'प्रथम' संस्थावाले अशाच गटांनी काम करतात, माझं डोकं नाही ते. गोष्ट वाचणारी पोरगी शब्दवाल्यांना सांभाळते, तेवढ्यात मी अक्षरवाल्यांत बसतो. ज्याला वाचताच येत नाही, त्यानं तासभर हाताची घडी घालून बसायचं तरी कामून?

सत्तावीस वर्षं खडू
पाचवीतल्याला तिसरीतल्याजवळ बसवलं की सगळी 'ढ' म्हणून चिडवतात. ते रकान्यात लिहिलं नाही का?

ऊसपट्ट्यातला मास्तर
चिडवतात. खरं आहे. त्यावर माझ्याकडं पक्का इलाज नाही. दर पंधरवड्याला गट बदलतो, तेवढंच.

परभणीची आई
माझ्या मुलाला पाचवीपर्यंत मागंच बसवलं. तोंडी विचारा, सगळं सांगायचा. कागदावर कोरा. शेरा एकच, कामचोर. आम्हीही मारला, खोटं कशाला बोलू. तीन चकरा मारून तपासणी केली, तेव्हा कळलं, अध्ययन अक्षमता, म्हणजे डोकं चालतं पण लिहिणं-वाचणं जड जातं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिचं नाव आहे, हे शाळेत मलाच सांगावं लागलं. दहावीला वेळ वाढवून मिळाला, पास झाला. मागच्या बाकावर बसवणाऱ्या सरांनीच पेढा मागितला.

सत्तावीस वर्षं खडू
ताई, वाईट वाटलं. पण प्रत्येक खोडकर पोरगं आजारी ठरवायलेत हल्ली. माझ्या वर्गात परवा एकानं दुसऱ्याच्या गालात पेन्सिल खुपसली. दोन बोटं वर डोळा होता. त्याच्या आईपुढं मी तीन रकान्यांची वही धरू का?

परभणीची आई
आजार नव्हे तो, सर. आणि पेन्सिल खुपसली त्या वेळी वर्गात कोण होतं?

सत्तावीस वर्षं खडू
मी ऑफिसात होतो. माहिती तातडीची होती, बारापर्यंत मागितली होती. ते पोरगं एरवी मागं एकटंच बसतंय. मीच बसवलंय.

बरं मास्तर, तुमच्या त्या सहावीतल्याचं पुढं काय झालं? का गोष्ट तिथंच संपती?

ऊसपट्ट्यातला मास्तर
दिवाळी झाली नि आईबापाला ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर आला. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून आईबापाच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. पण धाकटी बहीण सांभाळायला तिकडं कोपीवर, तोडीच्या झोपडीवर, कुणी नव्हतं. पाडव्याला आलं तेव्हा जोडाक्षरं अर्धी गेलेली. पण वाढ्याच्या, उसाच्या शेंड्याच्या, किती मोळ्या विकल्या, शेकडा काय भाव, सगळा हिशोब तोंडपाठ. मग भागाकार त्यावरच घेतला. वाचन पुन्हा पहिल्यापासून.

सत्तावीस वर्षं खडू
म्हणजे तुमचाही निकाल निम्माच.

ऊसपट्ट्यातला मास्तर
निम्माच. दाखला दिला असता तर तेवढाही नसता.

सत्तावीस वर्षं खडू
भाषण नको. ते तीन रकाने सोमवारपासून आखून बघतो, पेन्सिलवाल्यासाठी. खिचडीच्या रजिस्टरमागं आखीन, दिवसभर तेच हातात असतंय. काही निघालं नाही तर इथंच येऊन सांगीन, मग पळायचं नाही.

दोन लेकरांचा बाप
आधी सोमवारी गाडी वेळेवर येऊ द्या.