'पॅक्ड डेसिमल'मधल्या 'पॅक्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: मेनफ्रेमवर (म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अजस्र संगणकांवर) नवीन आलेल्या मुलांसाठी कोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नोट्स मराठीतनं लिहितोय. आकडे साठवायच्या कॉम्प-थ्री या पद्धतीला, म्हणजे पॅक्ड डेसिमलला, 'संकुचित दशमान' लिहिलंय पण वाचताना खटकतंय. दुसरा शब्द सुचवा ना कुणीतरी.

प्रतिसाद: संकुचित नकोच. एक तर लगेच संकुचित वृत्ती आठवते आणि दुसरं म्हणजे मुलांना वाटेल की ही झिप फाइलसारखी भानगड आहे, आधी उघडा मग वापरा. तसं अजिबात नाहीये. 1964 च्या आयबीएम सिस्टम/360 पासून पॅक्ड आकड्यांची थेट बेरीज-वजाबाकी करणाऱ्या सूचनाच त्या मशीनला आहेत. उलट साधं डिस्प्ले फील्ड (आकडा अक्षरांसारखा एकेक अंक करून साठवणारा रकाना) घेतलं तर एका अंकाला अख्खा बाईट, त्यातला अर्धा नुसता झोन (अंक सोडून उरलेला वरचा भाग), आणि हिशोब करायचा म्हटलं की आधी पॅक करा मग बेरीज मग परत अनपॅक, लूपमध्ये हे लाखो वेळा होतं तेव्हा जॉब (मशीनला दिलेलं काम) रेंगाळतो. पॅक्डमध्ये झोन काढून एका बाईटात दोन अंक बसवतात, शेवटच्या अर्ध्यात चिन्ह, तिथे हेक्स अंक सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. 9 अंकी रक्कम 9 ऐवजी 5 बाईटात मावते. एक कोटी रेकॉर्ड असतील तर एका फील्डमागे 4 कोटी बाईट वाचले! मी 'जोडअंकी' म्हणेन, जोडाक्षरात कशी दोन व्यंजनं एका जागी बसतात तसं.

प्रतिसाद: जोडअंकी आवडला, पण 'जोड'वरून कुणाला बेरीज वाटू नये म्हणून जोडाक्षराचं उदाहरण शेजारी द्याच. आणि हेही लिहा की 8 अंकी फील्डलाही 5 च बाईट लागतात, मग सरळ 9 अंकी करावं, विषम संख्या ठेवावी. काउंटर आणि सबस्क्रिप्टला (टेबलातला कितवा घटक ते सांगणाऱ्या आकड्याला) मात्र द्विमान म्हणजे साधं कॉम्पच बरं, तिथे पॅक्ड उगाच वेळ खातं.

प्रश्नकर्ता: वा, जोडअंकी घेतो. आता सॉक सेव्हन (S0C7, आकड्याच्या जागी चुकीचा डेटा आला की येणारी एरर) समजावणंही सोपं जाईल, फील्डमध्ये स्पेस भरल्या की शेवटच्या अर्ध्या बाईटात चिन्हाच्या जागी शून्य येतो आणि जॉब पडतो. पण मग झोनला काय म्हणू?

प्रतिसाद: झोन तसाच राहू द्या. तो पंचकार्डांपासूनचा शब्द आहे हो, कार्डाच्या वरच्या ओळींतल्या भोकांना झोन म्हणायचे, खाली अंकांची भोकं, आणि दोन्ही मिळून अक्षर व्हायचं. म्हणूनच तर डिस्प्लेमधला उणे 125 प्रिंट केला की 12एन दिसतो, चिन्ह शेवटच्या अंकाच्या झोनमध्ये बसलेलं असतं आणि मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात डी-5 म्हणजे एन. नवीन मुलं तो एन बघून डेटा खराब झाला समजतात, तेवढं नोट्समध्ये ठळक करा.