विजिलला ‘दक्षता’ म्हणायचं? पवित्र शनिवारच्या शब्दांबद्दल

मरोळकर

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मराठी मिस्सासाठी (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी) आमच्या चर्चची पत्रिका लिहायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षी ते बाहेर दिलं होतं. छापून आलं तेव्हा वर ठळक अक्षरांत होतं: ‘ईस्टर दक्षता, शनिवार, रात्री ७.३०’. वेळ हातात नव्हता, तशाच वाटल्या. माझी आई ऐंशीची आहे. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘चर्चात काही भीती आहे का रे?’ मला फार लागलं ते. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, आणि तिचं नाव वाचून म्हातारं माणूस घाबरतं.

तर मदत हवी आहे. ‘विजिल’ला, म्हणजे या रात्रीच्या विधीला, काय म्हणावं? जागरण, जागर, पूर्वसंध्या, की तसंच ‘विजिल’? आमच्या घरात ‘रातची मिस्सा’ एवढंच म्हणतात, पण नाताळलाही तेच म्हणतात. आणि दिवसाचं नाव? ‘होली सॅटर्डे’ लिहिलं की आमच्या बिल्डिंगमधली पोरं होळी समजतात. त्यात रात्री चर्चच्या अंगणात आम्ही आग पेटवतो, म्हणजे त्यांची खात्रीच पटते!

तुमच्या घरात, मंडळीत, गावात तोंडी काय आहे ते सांगा.

शब्दवेडी

‘दक्षता’ कुठून आली ते दिसतंय. व्हिजिलन्स म्हणजे दक्षता, ही सरकारी जोडी डोक्यात बसलेली असते. पण दक्ष माणूस धोक्यावर नजर ठेवतो. या रात्री लोक वाट बघत असतात.

मूळ लॅटिन शब्द ‘विगिलिया’. अर्थ जागेपणा, आणि रोमन सैन्यात रात्रीच्या पहाऱ्याची पाळी. रात्रीचे चार भाग करून शिपाई आळीपाळीनं उभे राहत. मराठी बायबलमध्ये येशू पाण्यावरून चालत येतो ती वेळ ‘रात्रीच्या चौथ्या प्रहरी’ अशी आहे. म्हणजे आपल्याकडे विगिलियाला नेमका शब्द आधीच होता: प्रहर. आणि ‘पहारा’ त्याच प्रहरातून निघाला. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्यातच होते, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात शनिवारी, म्हणजे येशूला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी, घडलेली म्हणून एकच गोष्ट आहे. याजक रोमी सुभेदार पिलाताकडे जातात, कबरेच्या धोंड्यावर शिक्का मारतात आणि पहारा बसवतात. त्या शनिवारी जागं राहायचं काम शिपायांवर होतं. शिष्यांबद्दल तिथे एक अक्षर नाही.

अर्थात पत्रिकेवर ‘पहारा’ लिहा असं मी म्हणत नाही. त्या शब्दाला भाल्याचा वास येतो. माझं मत ‘जागरण’ला.

भायखळ्याची

आम्ही प्रॉटेस्टंट, घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या वेळेपासूनचं. आमच्या मंडळीत शनिवारी रात्री काहीच नसतं. शुक्रवारी क्रुसावरचे सात शब्द, आणि मग एकदम रविवारी पहाटेची उपासना. लहानपणी अंधारातच दफनभूमीत जायचो. आजोबांच्या कबरेपाशी उभं राहून गायचं आणि गाता गाता उजाडायचं. म्हणून आमच्या तोंडी ‘पहाटेची उपासना’ आहे, ‘जागरण’ नाही. तरी शब्द परका वाटत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू शिष्यांना जागं राहून प्रार्थना करायला सांगतो, ते वाक्य आम्ही पाठ करत मोठे झालो.

‘पूर्वसंध्या’ मात्र नको. शास्त्राप्रमाणे दिवस संध्याकाळी सुरू होतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. शनिवारी सूर्य बुडाला की सण लागला. आपल्या मराठी मनात तिथी सूर्योदयाला धरायची सवय, म्हणून ती रात्र आपल्याला आदल्या दिवसाची वाटते. ‘पूर्वसंध्या’ म्हटलं की सण अजून यायचाय असा अर्थ होतो.

दादरचा वाचक

मी ख्रिस्ती नाही, एक शंका विचारतो. जागरण म्हटलं की मला खंडोबाचं जागरण-गोंधळ आठवतं, दिवटी, वाघ्या-मुरळी. किंवा एकादशीचं, हरतालिकेचं. तुमच्या वाचकांना अडचण नाही का होणार? आणि दुसरं, साडेसातला सुरू होऊन दहाच्या आत संपतं त्याला जागरण कसं म्हणायचं?

मरोळकर

दुसरं आधी. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही आणि गर्दी चर्चमध्ये मावत नाही, म्हणून मुंबईत पुष्कळ ठिकाणी वेळ अलीकडे आणली आहे. अंधार पडल्यावरच सुरू करायचं, एवढा नियम पाळतो. पण आईनं याहून नवल सांगितलं. तिच्या लहानपणी हा विधी शनिवारी सकाळी व्हायचा, लख्ख उन्हात! सकाळी घंटा वाजायच्या आणि दुपारी बारानंतर उपवास सुटायचा. आधी मला खरं वाटेना. मग वाचलं तर बरोबर निघालं. कित्येक शतकं तसंच चाललं होतं. बाराव्या पायस पोपनी १९५१ साली रात्रीचा विधी प्रयोगादाखल परत आणला आणि १९५५ च्या आदेशानं तो सगळीकडे लागू झाला. उन्हात मेणबत्ती पेटवून ‘हीच ती रात्र’ असं लॅटिनमध्ये गायचे, आणि नाव तेव्हाही विजिलच होतं. तेव्हा दोन-अडीच तासांना जागरण म्हणायला मला संकोच नाही.

शब्दवेडी

पहिल्या शंकेचं उत्तर: हा वाद चारशे वर्षांचा आहे. फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली छापलं, आणि स्वर्गाला बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हटलं. ओवीही आपलीच घेतली. उलट पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर करताना देवळातले, पोथीतले अर्थ चिकटलेले शब्द शक्यतो टाळले, साध्या बायकांना कळेल अशी बोली धरली. दोघांचीही तळमळ खरी होती.

पण ‘जागरण’ दोघांनाही चालला असता असं मला वाटतं. तो एका देवाच्या मालकीचा शब्द नाही. पोर तापानं फणफणलं की आईला जागरण होतं. परीक्षेचं जागरण असतं. कुणाच्या घरी मयत झालं की रात्रभर बसतात, तेही जागरणच. शनिवारची रात्र थोडी मयताच्या घरासारखी सुरू होते आणि सणासारखी संपते, आणि जागरणात दोन्ही मावतं. ‘जागर’ म्हटलं की फक्त ढोल वाजतो.

अलिबागकर

शनिवारावरून एक सांगायचं राहू नये. आमच्या अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीत, बेने इस्राएल लोकांना (कोकणातल्या मराठी ज्यूंना) ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे त्यांचे, आणि शनिवारी घाणा बंद. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, हा शब्द गावाला माहीत नव्हता, पण बंद घाणा दिसायचा, त्यावरून नाव पडलं. येशूला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही शब्बाथच होता. लूक लिहितो की सुगंधी द्रव्यं तयार करूनसुद्धा बायका आज्ञेप्रमाणे त्या दिवशी स्वस्थ राहिल्या. मला वाटतं शनवार तेल्यांच्या शेजारी वाढलेल्याला हा दिवस लवकर समजतो. काम हातात आहे, मन तिकडे ओढतंय, आणि तरी घाणा बंद.

आणखी एक. वल्हांडण सणाला त्यांच्या जुन्या माणसांत ‘अनशी ढाकाचा सण’ असं नाव होतं, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्यावरून. सण मिसरातला, नाव कोकणातल्या स्वयंपाकघरातलं.

भायखळ्याची

वल्हांडण! किती सुंदर शब्द आहे तो. ओलांडणे, वलांडणे, त्याचाच भाऊ. दाराला कोकराचं रक्त लावलेली घरं देवानं ओलांडली, म्हणून वल्हांडण. बायबलबाहेर आता तो कुणी वापरत नाही, पण आमच्या मंडळीतल्या सातवीतल्या मुलालाही कळतो. मरोळकर, तुम्ही ‘वल्हांडणाचं जागरण’ का म्हणत नाही?

मरोळकर

ताई, शब्द मलाही आवडतो. पण आमच्या कॅथलिक कानाला वल्हांडण म्हटलं की मोशेचा सण आठवतो, येशूच्या पुनरुत्थानाचा नाही. आमच्याकडे ‘पास्का’ आहे. खरं तर गोष्ट एकच. हिब्रू ‘पेसाख’, त्याचं अरामी रूप, तिथून ग्रीक-लॅटिन ‘पास्का’, पोर्तुगीज ‘पाश्कोआ’. पास्कल नावाची माणसं आमच्यात पुष्कळ, आणि नाव कुठून आलं हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं.

यावरून एक गोष्ट मला नेहमी खटकते. ‘नाताळ’ पोर्तुगीजातून आला आणि साऱ्या महाराष्ट्राचा झाला. किराणा दुकानदारही नाताळची सुट्टी म्हणतो. पाश्कोआ मात्र आमच्या उंबऱ्यातच राहिला आणि बाहेर इंग्रजी ‘ईस्टर’ चालू झाला. सगळ्यात मोठा सण तोच, तरी मराठीनं त्याला आपलं नाव दिलं नाही. निदान पत्रिकेवर तरी ‘पास्का’ असावा असं मनापासून वाटतं.

अंधेरीचा मल्याळी

माझं मराठी शाळेतलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या भाषेत या दिवसाला दुःखशनी म्हणतात, आणि ‘वलिय शनी’ म्हणजे मोठा शनिवारही म्हणतात. ग्रीक चर्चमध्येही ‘मोठा शनिवार’च म्हणतात.

शब्दवेडी

काही चुकलेलं नाही. मराठीत ‘थोरला शनिवार’ किती छान वाटेल! पण नवा शब्द पत्रिकेवर नको. ‘पवित्र शनिवार’ रुळलेला आहे, तोच ठेवा.

दादरचा वाचक

त्या दिवसभर चर्चमध्ये काय असतं?

मरोळकर

काही नाही, आणि तेच सांगायचं असतं. वेदीवरचं वस्त्र काढलेलं, पवित्र पेटी रिकामी, तिचं दार उघडं. त्या दिवशी मिस्सा नाही. गुरुवारच्या रात्रीपासून घंटाही मुक्या, त्यांच्या जागी लाकडी खडखडा. आई शुक्रवारपासून रेडिओ लावत नाही. शनिवारी दुपारी फुग्यांचं (आमच्या तळलेल्या गोल पावांचं) पीठ भिजवून झाकून ठेवते आणि कुणाला चव बघू देत नाही.

मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण येशूबद्दल रोज म्हणतो: ‘अधोलोकात उतरला’. ते उतरणं या दिवसाचं. लहानपणी मी अधोलोक म्हणजे नरकच धरून चाललो होतो. मराठी बायबल दोन्ही शब्द वेगळे ठेवतं. नरक शिक्षेचा, अधोलोक सगळ्या मेलेल्यांचा, चांगल्यांचाही. इंग्रजीत वर्षानुवर्षं एकाच शब्दावर भागवलं, त्यातून घोटाळा झाला. बाबा गेले त्या वर्षीच्या शनिवारी मला हा फरक कळला. तेव्हापासून ती ओळ म्हणताना मी घाई करत नाही. जिथे बाबा गेले तिथे तो आधी उतरून आला आहे.

भायखळ्याची

आमच्या मतांगीकारातही हेच शब्द आहेत. दादा, धन्यवाद.

शब्दवेडी

‘पास्काल कॅन्डल’ला काय लिहिणार?

मरोळकर

‘पास्काची मेणबत्ती’. यावर थोडं लिहू द्या. अंगणात आग पेटवतात, दिवे सगळे बंद. फादर मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. मग धुपाचे पाच दाणे खोचतात, येशूच्या पाच जखमांचे. नव्या आगीवरून ती पेटवतात आणि अंधारात आत नेताना तीनदा थांबून गातात: ‘ख्रिस्ताचा प्रकाश’. लोक म्हणतात, ‘देवाला धन्यवाद’. गेल्या वर्षी आईची मेणबत्ती वाऱ्यानं विझली. मागच्या बाकावरच्या अनोळखी मुलीनं आपली वाकडी करून ती पेटवली, आणि मेणाचा थेंब आईच्या मनगटावर पडला. आईनं हात काढला नाही.

मग जे स्तोत्र गातात त्यात मधमाश्यांचा उल्लेख आहे, त्यांनी मेण दिलं म्हणून. इंग्रजीत कॅन्डल म्हटल्यावर माशी कुठेच दिसत नाही. मराठीत ‘मेणबत्ती’त मेण समोर आहे, आणि मेण म्हणजे मुळात मधमाशीचंच. संस्कृतात त्याला ‘मदन’ असा शब्द आहे, त्यापासून मेण.

शब्दवेडी

हे स्तोत्राच्या खाली एका ओळीत छापाच. बरं, आगीला काय म्हणताय? शेकोटी नको, होम नको.

मरोळकर

‘नवा अग्नी’. आणि कंसात बिल्डिंगमधल्या पोरांसाठी काहीही नाही. त्यांना सांगितलंय, या आणि बघा.

मसुदा असा:

‘पवित्र शनिवार. पास्काचं जागरण. रात्री ७.३० वाजता चर्चच्या अंगणात नव्या अग्नीला आशीर्वाद. त्यानंतर प्रकाशविधी, वाचनं, पाण्याला आशीर्वाद व मिस्सा. सर्वांनी मेणबत्ती आणावी.’

अलिबागकर

चांगलं झालंय. फक्त ‘पास्का’ की ‘पाश्का’? दोन्ही वाचलंय.

भायखळ्याची

दोन्ही चालतं. तुमच्या लोकांच्या तोंडी जे आहे ते छापा.

मरोळकर

आत्ताच आईला मसुदा वाचून दाखवला. ‘पास्का’वर मान हलवली, तेव्हा तेच. ‘जागरण’ला म्हणाली, मग कॉफी ठेवायला सांग, पोरं पेंगतात. तीही ओळ घालतो: ‘मिस्सानंतर अंगणात कॉफी.’