व्यावसायिक पार्श्वभूमीच्या आमदाराची कारकीर्द मतदाराने कशी तपासावी?

प्रश्न : घोडबंदरवासी, ठाणे

नमस्कार. मी ओवळा-माजिवडा मतदारसंघात राहतो. आमचे आमदार प्रताप सरनाईक बांधकाम व्यवसायातून राजकारणात आले. २००९ मध्ये या मतदारसंघात पहिली निवडणूक झाली, तेव्हापासून ते सलग चार वेळा निवडून आले आहेत आणि डिसेंबर २०२४ पासून राज्याचे परिवहनमंत्री आहेत. माझा प्रश्न त्यांच्या पक्षाविषयी किंवा कामगिरीविषयी नाही. आमच्या सोसायटीत दरवेळी एकच वाद होतो: काहींच्या मते ज्याचे पोट आधीच भरलेले आहे तो खाणार नाही, तर काहींच्या मते असा माणूस धंदा वाढवण्यासाठीच विधानसभेत जातो. दोन्ही बाजूंकडे पुरावा म्हणून काही नसते. व्यवसाय चालू ठेवून आमदार राहण्यास कायद्याची नेमकी कोणती आडकाठी आहे, आणि मतदाराने कोणते कागद पाहावेत?

उत्तर १ : वाशीचा वकील

व्यवसाय करण्यावर कोणतीही बंदी नाही. आडकाठी आहे ती लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९-अ मध्ये. एखाद्या व्यक्तीने आपल्या व्यापार-व्यवसायाचा भाग म्हणून राज्य सरकारशी माल पुरवण्याचे किंवा सरकारी काम करण्याचे कंत्राट केले असेल आणि ते चालू असेल, तर तेवढ्या काळापुरती ती व्यक्ती आमदारकीस अपात्र ठरते. कंत्राटदाराने आपले काम पूर्ण केले असेल आणि केवळ सरकारकडून बिल यायचे राहिले असेल, तर ते कंत्राट चालू धरले जात नाही. निवडून आल्यानंतर असा प्रश्न उद्भवल्यास घटनेच्या अनुच्छेद १९२ नुसार निवडणूक आयोगाचे मत घेऊन राज्यपाल निर्णय देतात.

मात्र हे कलम कंत्राटदार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे, विकासक (बिल्डर) डोळ्यांसमोर ठेवून नव्हे. विकासक सरकारला काही विकत नाही. त्याचा नफा-तोटा ठरतो तो चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते), आरक्षणे (सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जमिनी) आणि जमिनीच्या वापराविषयीच्या निर्णयांवर. ठाणे आणि नवी मुंबईला लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाचे हेच नियम, डिसेंबर २०२० मध्ये आली, ती प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली काढलेल्या अधिसूचनेद्वारे. विधानसभेत त्यावर मतदान झाले नाही. त्यामुळे ‘हितसंबंध असलेल्या सदस्याने मतदान करू नये’ असा कडक नियम उद्या केला, तरी या व्यवसायातील खरा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहील.

उत्तर २ : ऐरोली सेक्टर

मंत्र्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने ठरवलेली आचारसंहिता आहे आणि ती राज्यांतील मंत्र्यांनाही लागू आहे. तिच्यानुसार मंत्र्याने व्यवसायाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा लागतो, पण मालकी सोडावी लागत नाही. व्यवसाय सरकारला माल किंवा सेवा पुरवत असेल, तर मालकीही सोडावी लागते. मौज अशी की पती किंवा पत्नी वगळता घरातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे हे सारे सोपवता येते. शिवाय ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. राज्यातील मंत्र्यांच्या बाबतीत तिचे पालन होते की नाही, हे मुख्यमंत्र्यांनी पाहायचे असते.

मलबार हिलचे मंगलप्रभात लोढा १९९५ पासून आमदार आहेत आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्री झाले. त्यांनी उभारलेल्या बांधकाम समूहाचा कारभार आता पुढची पिढी पाहते. यात नियमबाह्य काही नाही. पण कारभार घरातच राहत असताना हितसंबंध संपले असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते, आणि हे मी कोणत्याही पक्षाच्या नेत्याबद्दल म्हणेन.

उत्तर ३ : नौपाड्यातील करसल्लागार

कागदांविषयी सांगतो. उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात स्वतःची, जोडीदाराची, हिंदू अविभक्त कुटुंबाची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे व मागील पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणातील उत्पन्न असते. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निकालानंतर भागीदारी संस्था आणि खासगी कंपन्यांमार्फत घेतलेल्या सरकारी कंत्राटांचा तपशीलही द्यावा लागतो. म्हणजे कलम ९-अ पेक्षा प्रतिज्ञापत्राची व्याप्ती मोठी आहे.

लोक एकूण संपत्तीचा आकडा पाहून थांबतात, आणि तोच सर्वांत फसवा असतो. घाटकोपर पूर्वचे पराग शाह यांची घोषित संपत्ती २०१९ मध्ये सुमारे ५०० कोटी रुपये होती आणि २०२४ मध्ये सुमारे ३,३८३ कोटी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे समभाग चालू भावाने दाखवावे लागतात; भाव चढला की एक रुपयाही हातात न येता संपत्ती फुगते. त्याऐवजी मी दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून उत्पन्न, कर्जे आणि नव्या जमिनींच्या खरेदीच्या तारखा पाहतो. जमीन कोठे घेतली आणि तेथील आरक्षण किंवा वापर केव्हा बदलला, या दोन तारखा जुळवल्या की बरेच कळते. स्वतंत्र कमावता मुलगा किंवा सून ‘अवलंबित’ नसल्याने त्यांचे व्यवहार या कागदात येत नाहीत. त्यासाठी महारेराच्या (राज्यातील गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचे प्रवर्तक आणि कंपनी निबंधकाकडील संचालकांची नावे पाहावी लागतात.

घोडबंदरवासी :

सर्वांचे आभार. एक शंका उरते. कंत्राट महापालिकेचे किंवा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचे असेल तर?

वाशीचा वकील :

कलम ९-अ मधील शब्द ‘सरकार’ असा आहे. महापालिका ही स्वतंत्र निगम संस्था आहे, आणि सिडको ही राज्य सरकारच्या मालकीची असली तरी १९७० मध्ये स्थापन झालेली वेगळी कंपनी आहे. त्यामुळे त्यांच्याशी केलेले कंत्राट एरवी या कलमाखाली येत नाही. नगरसेवकाला मात्र स्वतःच्याच महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवता येत नाही; महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० मध्ये ती अपात्रता आहे. म्हणजे नगरसेवक असताना जे कंत्राट पद घालवू शकते, तेच आमदार झाल्यावर चालू शकते. आपल्याकडे बहुतेकांची वाटचाल महापालिकेतून विधानसभेकडे होत असल्याने प्रतिज्ञापत्रातील कंत्राटांचा रकाना याच दृष्टीने वाचावा.