शेतातल्या घरी अँटेनावर एचडी चॅनेल: कमीत कमी खर्चात काय घ्यावं, काय टाळावं?

रानवाट (प्रश्न)

घर वस्तीपासून लांब आहे. केबल पोचत नाही आणि इंटरनेट मोबाइलवरचं, तेही मोजून वापरावं लागतं. सगळ्यात जवळचा टीव्ही टॉवर नकाशावर सरळ रेषेत ५० किमी आहे. त्याच्यावरची प्रक्षेपण अँटेना जमिनीपासून साधारण १५० मीटर उंच. खिडकीत चपटी इनडोअर अँटेना लावली तर स्कॅनमध्ये दोन चॅनेल सापडतात. एक बरा चालतो, दुसऱ्याचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. रात्री उशिरा आणि पहाटे जास्तच. छप्पर पत्र्याचं आहे. जुन्या डिशचा खांब, थाळी आणि केबल तशीच वर आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. '२०० किमी रेंज, फोर-के एचडी' असं छापलेली बूस्टरवाली अँटेना स्वस्तात मिळते आहे, ती घ्यावी का? डिशची थाळी यासाठी वापरता येईल का? आणि घरी अँटेना बनवली तर खरंच चालते का?

---

डेसिबल_दादा

ती '२०० किमी'वाली घेऊ नका. एचडी ही अँटेनाची जात नाही. अँटेनाला फक्त फ्रिक्वेन्सी कळते, आतलं चित्र एचडी आहे की साधं हे ठरतं प्रक्षेपणात, आणि ते उलगडतो ट्यूनर (टीव्हीतला सिग्नल पकडणारा भाग). रेंज छापणंही निरर्थक आहे, कारण अंतर ठरवते जमिनीची गोलाई आणि मधला डोंगर.

हिशेब सोपा आहे. दोन्ही टोकांची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींचं वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. तुमचा टॉवर १५० मीटर, तुमची अँटेना ६ मीटर धरली तर ४.१२ × (१२.२५ + २.४५) म्हणजे जवळपास ६० किमी. म्हणजे सपाट प्रदेश असेल तर ५० किमी आवाक्यात आहे. हीच अँटेना ९ मीटरवर नेली तर क्षितिज जेमतेम सव्वादोन किमी पुढे सरकतं. उंचीचा खरा फायदा क्षितिजासाठी नसतो, समोरची झाडं आणि घरं टाळण्यासाठी असतो. ओल्या पानांतून यूएचएफ (टीव्हीचा वरचा फ्रिक्वेन्सी पट्टा) सिग्नल चांगलाच मार खातो.

पैसे काढण्याआधी गूगल अर्थ प्रोमध्ये घर ते टॉवर रेषा ओढा आणि उंचीचा आलेख बघा. मध्ये डोंगराची धार आडवी येत असेल तर कुठल्याही अँटेनाने फार फरक पडणार नाही. मग दुसऱ्या दिशेचा लहान रिले टॉवर (मुख्य टॉवरचा सिग्नल पुढे पाठवणारा) शोधणं शहाणपणाचं.

आणखी दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, तुमच्या देशाचं डिजिटल प्रक्षेपणाचं मानक आणि टीव्हीतला ट्यूनर जुळतो का. उत्तर अमेरिका आणि दक्षिण कोरियात एटीएससी, युरोप आणि भारतात डीव्हीबी-टी किंवा टी२, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी. डीव्हीबी-टी ट्यूनरला टी२ दिसतच नाही. स्कॅन रिकामं येतं आणि माणूस उगाच अँटेना फिरवत बसतो. ट्यूनर जुळत नसेल तर टीव्ही बदलू नका, सेट-टॉप बॉक्स पुरतो. फक्त तो तिथल्या एचडी चॅनेलचा व्हिडिओ कोडेक (चित्र दाबून पाठवायची पद्धत) उलगडतो का ते बघून घ्या. काही ठिकाणी एच.२६४ आहे, जर्मनीच्या टी२ मध्ये एचईव्हीसी आहे. कोडेक जुळला नाही तर चॅनेल यादीत दिसतो, आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

दुसरी, चॅनेल कुठल्या पट्ट्यात आहेत. ४७० मेगाहर्ट्झच्या वर म्हणजे यूएचएफ, १७४ च्या आसपास सुरू होणारा तो व्हीएचएफचा वरचा पट्टा. सगळे यूएचएफमध्ये असतील तर अँटेना लहान आणि स्वस्त. एखादा चॅनेल व्हीएचएफवर असला तर त्याच्यासाठी लांब काड्यांची अँटेना लागते, यूएचएफची तिथे लंगडी पडते.

---

तारखटपट

घरी बनवलेली चालते, मापं नीट ठेवली तर. यूएचएफसाठी चार मजली 'बो-टाय' सगळ्यात माफक. मागे जाळी लावली की साधारण १० ते १२ डीबीआय (अँटेना सिग्नल किती गोळा करते त्याचं डेसिबलमधलं माप) मिळतात, आणि ती लांब यागीपेक्षा (एका दांड्यावर ओळीनं काड्या असलेल्या अँटेनापेक्षा) दिशेच्या बाबतीत कमी हट्टी असते.

सुमारे ३ मिमी जाडीची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार घ्या. ४८ सेमीचे आठ तुकडे कापा. प्रत्येक मधोमध वाकवून इंग्रजी व्ही करा, म्हणजे एक बाजू २४ सेमी. दोन टोकांमध्ये अंतर ७.५ सेमी. पीव्हीसी पाइप किंवा वाळलेल्या लाकडाच्या फळीवर २३ सेमी अंतरानं चार मजले आखा. प्रत्येक मजल्यावर डावीकडे एक व्ही, उजवीकडे एक, कोपरे एकमेकांकडे आणि त्यांच्यात ४.५ सेमी मोकळी जागा. मग डावीकडचे सगळे कोपरे एका उभ्या तारेनं आणि उजवीकडचे दुसऱ्या तारेनं जोडा. पण पहिल्या-दुसऱ्या मजल्यामध्ये आणि तिसऱ्या-चौथ्यामध्ये या दोन तारांची फुली घ्यायची, म्हणजे बाजू बदलायची. मधल्या, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात तारा सरळ. फुलीवर तारा एकमेकींना शिवता कामा नयेत, एकीवर नळी चढवा. फुली विसरली तर वरचा आणि खालचा मजला उलट फेजमध्ये (लहरी उलट्या) जातात आणि मधल्यांचं काम खोडतात. 'बनवली पण काहीच येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

सिग्नल काढायचा मधल्या सरळ भागाच्या मध्यातून. तिथे ३०० ते ७५ ओहमचा बालन, म्हणजे अँटेना आणि केबल यांचा मेळ घालणारा जोड. बाजारचा लहान बालन फार स्वस्त असतो, तो घ्या. मिळालाच नाही तर कोॲक्सचाच (गोल टीव्ही केबलचाच) बनतो, तुकड्याची लांबी मीटरमध्ये: १५० भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, गुणिले केबलचा वेग-गुणांक (केबलमध्ये सिग्नलचा वेग प्रकाशाच्या किती पट). ५८० मेगाहर्ट्झ आणि फोमच्या आरजी-६ (नेहमीची टीव्ही-डिशची केबल) चा ०.८३ धरला तर २१.५ सेमी. या तुकड्याच्या आतल्या तारेची दोन टोकं दोन फीड बिंदूंना जातात, मुख्य केबलची आतली तार त्यांपैकी एकाला, आणि केबलच्या तिन्ही बाहेरच्या जाळ्या एकत्र जोडायच्या पण अँटेनाला लावायच्या नाहीत.

मागे १० सेमीवर जाळी, साधारण ६० सेमी रुंद आणि ९५ सेमी उंच. भोकं ५ सेमीपेक्षा मोठी नकोत. जाळी सिग्नल पुढे परतवते, पण विजेच्या दृष्टीनं ती तारांना जोडायची नाही.

नटबोल्ट आणि वॉशर स्टेनलेस स्टीलचे. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांवर आवळलं तर पावसात तिथे पांढरी पूड धरते आणि सांधा हळूहळू मरतो.

---

रानवाट

मापं मिळाली, आभार. टॉवरचे सगळे चॅनेल यूएचएफमध्येच आहेत आणि उंचीच्या आलेखात मध्ये डोंगर दिसत नाही. मग बूस्टर लागेलच का? आणि दोन टीव्ही लावायचे असतील तर?

---

डेसिबल_दादा

बूस्टरबद्दल लोक 'कमकुवत सिग्नल जोरात करतो' एवढंच समजतात. तो सिग्नलसोबत गोंगाटही तेवढाच वाढवतो. त्याचं खरं काम वेगळं आहे. साध्या टीव्ही ट्यूनरचा स्वतःचा गोंगाट ६ ते ७ डीबी (डेसिबल) असतो. २५ मीटर आरजी-६ मध्ये ६०० मेगाहर्ट्झला सुमारे ४ डीबी जातात, दोन टीव्हींच्या स्प्लिटरमध्ये (एका केबलच्या दोन करणाऱ्या डबीत) ३.५. एकूण झाले १४. आता खांबावर, अँटेनाच्या अगदी जवळ, १८ डीबी वाढ आणि २ डीबी गोंगाट असलेला प्रीॲम्प (खांबावरचा बूस्टर) लावला तर एकूण गोंगाट ३ डीबीच्या खाली येतो. फायदा ११ डीबी. तोच प्रीॲम्प टीव्हीच्या मागे लावला तर एकूण साडेनऊच्या आसपास, म्हणजे फायदा निम्म्याहून कमी. केबलमध्ये जे गेलं ते परत येत नाही.

म्हणून एक टीव्ही, १० मीटर केबल असं काम असेल तर आधी बूस्टरशिवाय लावून बघा. दोन टीव्ही असतील तर खांबावरचा प्रीॲम्प परवडतो. निवडताना वाढीचा आकडा बघू नका, गोंगाटाचा आकडा बघा. ३० डीबीवाला घेतला आणि शेजारी मोबाइल टॉवर असला तर तो तुंबतो आणि होते तेवढे चॅनेलही जातात. अशा ठिकाणी प्रीॲम्पच्या आधी एलटीई फिल्टर (मोबाइलचा सिग्नल अडवणारा) लावायचा, नंतर लावून उपयोग नाही.

प्रीॲम्पची वीज घरातल्या इन्सर्टरमधून (ॲडॅप्टरची वीज केबलमध्ये सोडणाऱ्या डबीतून) केबलनंच वर जाते. इन्सर्टर आणि प्रीॲम्पच्या मध्ये स्प्लिटर येऊ देऊ नका, साधा स्प्लिटर डीसी अडवतो. क्रम असा: अँटेना, प्रीॲम्प, लांब केबल, इन्सर्टर, मग स्प्लिटर, मग टीव्ही. वरचं टोक प्रीॲम्पपासून सोडवून मल्टिमीटर लावा. मधली तार आणि जाळी यांच्यात ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट, ५ किंवा १२, दिसले पाहिजेत. शून्य दिसलं तर दहांतल्या नऊ वेळा कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला शिवलेला असतो.

---

खांबवाला

डिशबद्दल. थाळी बाजूला ठेवा. तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी गिगाहर्ट्झमधला उपग्रह सिग्नल पकडतो, यूएचएफशी त्याचा संबंध नाही. खांब आणि केबल मात्र सोन्यासारखी आहे, डिशची केबल बहुधा आरजी-६ च असते. मध्ये उपग्रहाचा स्विच असेल तर काढा, असे बरेच स्विच ९५० मेगाहर्ट्झच्या खालचं सोडतच नाहीत. डिशचा रिसीव्हरही त्या केबलवरून सोडवा, तो १३ ते १८ व्होल्ट वर पाठवतो आणि ५ व्होल्टचा प्रीॲम्प जाळतो.

जुन्या केबलची दोन्ही टोकं १५ सेमी कापून बघा. जाळी काळी पडली असेल तर पाणी आत गेलंय. चकचकीत तार लागेपर्यंत कापत जा, संपूर्ण केबल काळी निघाली तर टाकून द्या. नवीन एफ कनेक्टर लावताना मधली तार कनेक्टरच्या तोंडापासून ३ मिमीपर्यंतच बाहेर ठेवा. बाहेरच्या सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

अँटेना पत्र्याच्या किमान १ मीटर वर आणि टॉवरच्या बाजूच्या कडेला. पत्र्याखाली माळ्यावर लावायचा विचार सोडून द्या. टॉवरची ध्रुवता (सिग्नलच्या लहरी आडव्या की उभ्या) शोधून ठेवा: मोठे टॉवर बहुधा आडवे, लहान रिले कधीकधी उभे. काड्या चुकीच्या दिशेला असतील तर १५ ते २० डीबी सहज जातात. आडव्या प्रक्षेपणासाठी वरची बो-टाय फळी उभी ठेवूनच लावायची, कारण काड्या आडव्या येतात.

दिशा कंपासनं बघताना लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभे राहा, नाहीतर सुई खांबाकडे वळते. मग टीव्हीच्या मेनूत क्वालिटीची पट्टी उघडून एकानं आत बसायचं. स्ट्रेंग्थकडे बघू नका, ती बूस्टरनं फुगते. खांब ५ अंश फिरवा, चार-पाच सेकंद थांबा, आकडा बघा, परत ५ अंश. सगळ्यात कमजोर चॅनेलवर हे करा, जोरदार चॅनेलवर नाही. शेवटी जुनी यादी पुसून पूर्ण रिस्कॅन.

रात्री-पहाटे जास्त तुटतं त्याचं कारण बहुधा हवेचे थर. थंड हवा खाली, उबदार वर, असं झालं की लांबच्या टॉवरचा त्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वाकून तुमच्यापर्यंत येतो. त्यावर बूस्टरचा इलाज नाही. मागे जाळी असलेली अँटेना मागून येणारा सिग्नल बऱ्यापैकी अडवते.

---

गच्चीवरचा

एक राहिलं. वरून विजेची तार जात असेल तर खांब तिच्यापासून स्वतःच्या उंचीच्या किमान दीडपट लांब हवा, म्हणजे पडला तरी तारेवर पडणार नाही. ३ मीटरपेक्षा उंच खांबाला तीन ताण-तारा, १२० अंशांवर. खांब जाड तांब्याच्या तारेनं सरळ जमिनीतल्या रॉडला जोडा आणि तो रॉड घराच्या अर्थिंगशी. केबल घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडणारा तुकडा) लावा आणि तोही घराच्या अर्थिंगशीच जोडा. दोन वेगळ्या अर्थिंग ठेवल्या तर वीज पडल्यावर फरकाचं व्होल्टेज टीव्हीतून जातं. एवढं करूनही थेट खांबावर पडलेली वीज काही थांबत नाही, म्हणून गडगडाट सुरू झाला की केबल टीव्हीतून काढा आणि इन्सर्टरचा ॲडॅप्टरही.

---

रानवाट

डिशचा खांब साडेचार मीटर आहे, ताण-तारा नाहीत. आधी त्या घेतो. दुसऱ्या दिशेला एक रिलेही दिसतो आहे. दोन अँटेना एकाच केबलवर जोडल्या तर?

---

डेसिबल_दादा

स्प्लिटर उलटा लावून जोडता येतात, पण दोन्हींना ३.५ डीबीचा फटका बसतो आणि एकाच टॉवरचा सिग्नल दोन्हींतून मागेपुढे येऊन क्वालिटी पाडतो. रिलेवर तेच चॅनेल असतील तर दोन्ही जोडूच नका, ज्याची क्वालिटी जास्त तो एकच ठेवा. वेगळे चॅनेल असतील तर दुसरी केबल आणि टीव्हीमागे साधा ए-बी स्विच, म्हणजे दोन केबलींमधून एक निवडायची कळ. काही टीव्ही रिस्कॅन केलं की जुनी यादी पुसतात, म्हणून दुसऱ्या दिशेचे चॅनेल घेताना मेनूत 'चॅनेल जोडा' किंवा मॅन्युअल स्कॅन आहे का ते बघून घ्या.